बऱ्या दिवशी थांब

प्रिय पोरी,

आईला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार, आजीलाही बहुधा तोच असावा, आणि आता तुझे खांदे-कंबर ठणकतात. एवढ्यावर तू स्वतःला रांगेतली तिसरी ठरवून टाकलंस. जनुकांची तपासणी करून एकदाचं कळू दे, असं लिहिलंस. अगं, हा आजार आहे की नाही किंवा पुढे होईल की नाही, हे सांगणारी जनुकांची तपासणीच नाही. कुणी विकत असलं तर एक रुपया देऊ नकोस.

घराण्यात येतो का? येतो, ते मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या लेस्ली अर्नोल्ड यांच्या २००४ सालच्या अभ्यासातल्या, रुग्णाच्या नातेवाइकांना धोका 'साडेआठ पट' या आकड्याने तुझी झोप उडाली आहे. पण त्याच अभ्यासात पुढे काय आहे? फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या सख्ख्या नात्यातल्या शंभर जणांत तो निघाला साधारण सहा जणांत. तुलनेसाठी घेतलेल्या आमवाताच्या रुग्णांच्या नात्यात शंभरात एकाच्या आसपास. धोका जास्त आहे, खराच. पण बाकीच्या नव्वदहून अधिक जणांकडे तू बघितलंच नाहीस, याचा मला राग येतो. स्वीडनमध्ये जुळ्यांवर झालेल्या अभ्यासातही अंगभर टिकून राहणाऱ्या दुखण्यात अनुवंशाचा वाटा निम्म्याच्या आसपासच निघाला.

तेव्हा आधी नीट तपासून घे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, बी-१२ यांत काही कमी-जास्त असलं तरी अंग असंच दुखतं, आणि त्यावर उपाय सोपे आहेत. संधिवाततज्ज्ञाला एकदा दाखव. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर 'म्हणजे मनाचेच खेळ' असं कुणाकडूनही ऐकून घेऊ नकोस. या आजारात ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या नॉर्मलच असतात. २००२ साली ग्रेसली आणि क्लॉ यांच्या गटाने रुग्णांच्या अंगठ्यावर दाब देऊन मेंदूची चित्रं घेतली. हलक्या दाबालाही त्यांच्या मेंदूतले वेदनेचे भाग जागे होत होते. निरोगी माणसाला तेवढंच दुखायला कितीतरी जास्त दाब लागला. तुझी आई नाटक करत नाही. हे मी तुला सांगायला नको, पण तुझ्या काकूंना सांगावं लागेल.

आता माझं ऐक. बऱ्या दिवशी थांब.

माझ्या आईला सासरी अंगचोर म्हणत. ज्या दिवशी अंग जरा हलकं वाटे, त्या दिवशी ती तो डाग पुसायला उठे. पांघरुणं धू, डबे घास, पापड लाट, सगळं एका दिवसात. मग आठवडाभर अंथरुणात, आणि घरच्यांना बोलायला पुन्हा निमित्त. तिला कधी निदान मिळालं नाही. आम्ही भावंडंही तिला काही विचारत नव्हतो, याची खंत मला अजून छळते. माझ्या स्वतःच्या दुखण्याला नाव मिळालं तेव्हा ती नव्हती.

तुझ्या पत्रात मला तेच दिसलं. 'रविवारी बरं वाटलं म्हणून सगळं घर आवरलं, सोमवारपासून ऑफिसला जाता येईना.' का आवरलंस? कुणाला दाखवायचं होतं? बरा दिवस उधळायचा नसतो. अर्धं कपाट आवरून झालं की बस, मग हातात कितीही जोर असो. दुखायला लागल्यावर थांबणं कुणालाही जमतं. तुला दुखायच्या आधी थांबायचं आहे.

याचा अर्थ पडून राहा असा मुळीच नाही. तू भीतीने चालणं सोडलंस, ते आजच पुन्हा सुरू कर. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सगळे उपचार तपासले, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली: व्यायाम. दहा मिनिटं चाल. वाईट दिवशी पाच, पण चाल. आणि बऱ्या दिवशी दहाच. चाळीस नव्हे. बऱ्या दिवशी थांब, हे मी पुन्हा लिहिते, कारण तू हेच विसरणार आहेस. झोपेची वेळही अशीच सांभाळ. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं चढतंच.

लोक बोलतील. मला मुख्याध्यापकपद चालून आलं तेव्हा मी नाही म्हटलं. घरात अजून तो विषय निघतो, 'हिने हातची संधी घालवली.' मी काहीही घालवलं नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी वर्गात उभी राहून शिकवलं. ते पद घेतलं असतं तर संध्याकाळच्या सभा आणि रात्रीचे हिशेब करून मी दोन वर्षांत घरी बसले असते. दिवाळीचा सगळा फराळ घरी करणंही मी बंद केलं. एक चिवडा करते, बाकी विकत आणते. सासूबाई रुसल्या. रुसू दे म्हटलं. आजही तेच म्हणेन.

स्थळाचं विचारलंस. तुला निदान झालेलं नाही, तेव्हा तुझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आईचं मात्र लपवू नकोस. सासरी पहिल्याच सणाला एकटीने पंचवीस माणसांचा स्वयंपाक करून दाखवायची वेळ तुझ्यावर येऊ नये, म्हणून हे सांगते. ज्या घराला आईचं दुखणं ऐकूनच नको वाटतं, ते घर तुला बऱ्या दिवशी थांबू देईल का?

एक तातडीचं. आईने ड्युलोक्सेटिन हे दुखण्यावरचं औषध 'काही उपयोग नाही' म्हणून एकदम बंद केलं, असं तू ओझरतं लिहिलंस. ते औषध असं अचानक तोडत नाहीत. चक्कर, मळमळ, बेचैनी होते. डॉक्टरांना आजच फोन करून विचार, आणि बंद करायचंच असेल तर ते सांगतील तसं हळूहळू कमी करा. ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
बाई