सिगारेट बोटीत सिगारेट कुठून आली?

प्रश्न: परवा फुटाळा तलावावर बसलो होतो, मुलगा मोबाईलवर त्या लांबुळक्या स्पीडबोटींचे व्हिडिओ बघत होता. विचारतो, बाबा, याला सिगारेट बोट का म्हणतात? मी म्हटलं आकारावरून, बायको म्हणाली सिगारेटची तस्करी करत असतील. कोण बरोबर?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: दोन्ही उत्तरं सर्रास ऐकू येतात, पण हे नाव खरं तर एकाच बोटीचं होतं, आणि तिच्यात सिगारेट नाही, दारू असायची.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. शेजारी वर्धा जिल्हा असताना दारूबंदी आली की दारू कशी वाट काढते हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको! तिकडे दारूने भरलेली जहाजं सरकारी हद्दीबाहेर समुद्रात उभी राहायची आणि रात्री छोट्या बोटी जाऊन पेट्या उतरवून आणायच्या, गस्तीच्या बोटीला मागे टाकायचं म्हणून पहिल्या महायुद्धातून उरलेली विमानाची लिबर्टी इंजिनं, ४०० हॉर्सपॉवरची, लोक त्यात बसवायचे. न्यूयॉर्कच्या बाजूला अशीच एक बोट होती 'सिगारेट', ती तर म्हणे दुसऱ्या तस्करांनाच लुटायची.

न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागात वाढलेल्या डॉन अॅरोनो या रेसबोटी बनवणाऱ्याने ते नाव लक्षात ठेवलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्याने आपल्या रेसच्या बोटीला तेच दिलं, मग मायामीतल्या कंपनीलाही, सिगारेट रेसिंग टीम. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा आणि फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात ना, तसंच मग कुठल्याही कंपनीची तशी बोट सिगारेट झाली.

आकाराचं म्हणाल तर नाक लांब, अंग अरुंद हे खरंच, पण मुलाला व्हिडिओ थांबवून बोटीचं पोट दाखवा. तलावातली पॅडल बोट खालून जवळपास सपाट असते, हिचा तळ इंग्रजी व्ही सारखा खोल असतो, म्हणून लाट आपटत नाही, चिरली जाते, आणि खवळलेल्या पाण्यातही वेग टिकतो.

वहिनींचा अंदाजही अगदी वाया नाही. इटलीत नेपल्सच्या तस्करांनी वेगवान मोटरबोटींतून खरंच सिगारेटी आणल्या. पुढे फ्लोरिडात ड्रग्जवाल्यांनी अॅरोनोच्या बोटी वापरल्या आणि त्यांना पकडायला कस्टम्सनेही त्याच्याचकडून 'ब्लू थंडर' नावाच्या बोटी घेतल्या. १९८७ मध्ये मायामीत त्याचा गोळ्या घालून खून झाला. अमेरिकेचं कोस्टगार्ड मात्र अशा बोटींना 'गो-फास्ट' म्हणतं.