एएमएचचा आकडा आणि वयाचा रकाना

प्रिय डॉक्टरीणबाई,

परवा तुझ्या खोलीतून ती ३१ वर्षांची मुलगी डोळे पुसत बाहेर आली, तेव्हा मी कॉरिडॉरमध्येच होते. हातात एएमएचचा (अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट: ०.९, आणि शेजारी लॅबने ठळक छापलेलं ‘लो’. तू तिला खोटं काहीच सांगितलं नसशील. अर्धं सांगितलंस, एवढंच.

उलट चूक मी केली आहे. नवखी असताना ४१ वर्षांच्या एका बाईंचं एएमएच ३.२ पाहून मी ‘रिपोर्ट छान आहे’ म्हणून टाकलं. त्या खूश होऊन गेल्या, घराचं बांधकाम काढलं आणि सव्वा वर्षाने परत आल्या. आयव्हीएफमध्ये बीजं भरपूर निघाली. दोनदा दिवस राहिले, आणि दोन्ही वेळा सोनोग्राफीत ठोके थांबलेले दिसले. ते ‘छान’ मला अजून ऐकू येतं.

एएमएच बनतं ते अंडाशयातल्या लहान लहान फॉलिकल्समध्ये, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशव्यांमध्ये, बीजाभोवतीच्या पेशींत. म्हणजे ते मोजतं साठा. कणगीत धान्य किती हे मापाने कळतं, कीड लागली का ते नाही कळत. (हे उदाहरण पेशंटला देऊ नकोस. मी एकदा दिलं, तर सोबतच्या सासूबाईंनी ‘कीड’ तेवढी लक्षात ठेवली.)

बीजाचा दर्जा ठरतो तो मुख्यतः वयावर. मुलगी आईच्या पोटात २० आठवड्यांची असते तेव्हा तिच्याकडे ६० ते ७० लाख बीजं असतात, जन्मताना १० ते २० लाख, पाळी सुरू होताना तीन-चार लाख. नवीन एकही बनत नाही. सगळी अर्ध्या विभाजनात थांबलेली. चाळिशीतलं बीज गुणसूत्रांच्या जोड्या धरून चाळीस वर्षं बसलेलं असतं. ती पकड सैल होते आणि एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी जातं. मग गर्भ रुजत नाही, किंवा रुजून पडतो. डाउन सिंड्रोमचं बाळ जन्मण्याची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण १,२५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक, ती यामुळेच.

पाळीचं नीट विचार. बायका अभिमानाने सांगतात, “पाळी एकदम नियमित, उलट दोन-तीन दिवस आधीच येते.” फॉलिकल्स कमी झाले की त्यांच्यातून येणारं इनहिबिन-बी हे हार्मोन घटतं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवरचा लगाम सुटतो, तिचं एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) वाढतं आणि बीज लवकर पिकू लागतं. २८ची पाळी २५वर येते ती अशी. एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठवशील तेव्हा सोबत इस्ट्राडायॉलही (अंडाशयातलं स्त्री-हार्मोन) लिही. ते वाढलेलं असेल तर एफएसएचला दाबून ठेवतं आणि रिपोर्ट फसवा चांगला येतो.

“मॅडम, एग्ज वाढवायचं इंजेक्शन द्या ना.” हे रोज ऐकशील. त्या महिन्यात निघालेल्या फॉलिकल्सपैकी जे एरवी सुकून गेले असते, तेवढेच इंजेक्शनने वाचतात. जे नाहीत ते डोस दुप्पट करून येत नाहीत, बिल तेवढं वाढतं. म्हणून ०.९वाल्या ३१ वर्षांच्या मुलीला आयव्हीएफमध्ये बीजं कमी मिळतील, पण मिळतील त्यात चांगल्यांचं प्रमाण बरं असेल. आणि घरच्या घरी दिवस राहायला महिन्याला एकच चांगलं बीज लागतं.

दात्रीचं बीज वापरलं की यश दात्रीच्या वयाप्रमाणे मिळतं, घेणारीचं गर्भाशय ४३ वर्षांचं असलं तरी. २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यात दात्रीचं वय २३ ते ३५ आहे ते उगाच नाही. त्याच कायद्यात उपचार घेणाऱ्या स्त्रीला ५० पर्यंत मुभा आहे, त्याचा अर्थ लोक भलताच काढतात: पन्नाशीपर्यंत स्वतःची बीजं चालतात! ते तिथल्या तिथे खोडून काढ.

दिवस राहत नसतील तर तपासण्यांआधी किती वाट पाहायची? पस्तिशीच्या आत वर्षभर, नंतर सहा महिने. चाळिशी ओलांडलेलीला ‘बघू’ म्हणायचंच नाही.

त्या मुलीची फाइल मी काल चाळली. गेल्या महिन्यापर्यंत ती गर्भनिरोधक गोळ्यांवर होती. गोळ्यांवर एएमएच खरं असतं त्याहून कमी दिसू शकतं. दोन-तीन महिन्यांनी परत करून घे. आणि नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट फाइलमध्ये कुठेच नाही. सोमवारी दोघांनाही बोलाव. फोन तू स्वतः कर, रिसेप्शनला सांगू नकोस.

तुझी,
मॅडम