पोराला कबड्डीत घालताय ना, मग हे बघून घ्या

जरूर घाला, ताई. मीही लाल मातीतच वाढलोय. पण पहिल्या दिवशी बूट-जर्सी नंतर बघा, आधी मैदानाच्या कडेला उभं राहून सराव बघा. बारा वर्षांचा पोरगा चढाईला आणि समोर मिसरूड फुटलेली, पंधरा किलो जास्त वजनाची सात जणं, असं दिसलं तर सरळ दुसरा संघ शोधा. वय सारखं असून चालत नाही, वजनही बघावं लागतं.

घोट्याची पकड बसली की पाय अडकतो आणि अंग वळतं. मोठ्यांचे सांध्याचे बंध (लिगामेंट) ताणतात, पण वाढत्या पोराच्या हाडाच्या टोकाशी मऊ वाढीचा भाग असतो, तोच आधी फाटू शकतो. आपण 'मुरगळलंय' म्हणून तेल चोळत बसतो. माझा घोटा आमच्या आज्जीने असाच आठ दिवस चोळला होता. आजही पावसाळ्यात ठणकतो. पाय टेकवत नसेल तर चोळू नका, एक्स-रे काढा.

आणि डोकं. डॅश, म्हणजे बचाव करणाऱ्याची जोराची धडक, बसून पोरगं आपटलं, दोन मिनिटं गोंधळलं, 'कितवी चढाई' तेही सांगता येईना, तर त्या दिवशी परत आत सोडायचं नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नसतं. उलटी, वाढती डोकेदुखी, पेंग असेल तर थेट दवाखाना. 'उठ, मर्द आहेस' म्हणणारा प्रशिक्षक असेल तर फी बुडाली तरी चालेल.