विचारा की : चवथीचे फोटो गेले कुठे?

प्रश्न : काका नमस्कार, सांखळीहून लिहितेय. गूगलचं फुकटातलं १५ जीबी केव्हाच भरलं आणि दर महिन्याला पैसे भरायला बाबा तयार नाहीत, म्हणून एक सेकंडहँड छोटा पीसी घेतला, त्यावर उबुंटू (लिनक्स) टाकलं आणि डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, इमिच हे गूगल फोटोजसारखं पण स्वतःच्या मशीनवर चालणारं ॲप लावलं. फोटो आणि डेटाबेस दोन्ही २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर. दोन महिने मस्त चाललं. आजोबा चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतायत ते सात वर्षांचे फोटो, आईच्या लग्नाचा अल्बम स्कॅन केलेला (मूळ अल्बम वाळवीने खाल्ला), सगळं त्यात, आणि मोबाईलमधले मी जागा करायला उडवले. परवा वाऱ्यापावसात लाईट गेली ती पहाटे आली. पीसी आपोआप चालू झाला, तसं बायोसमध्ये सेट केलंय, मॉनिटर लावलेला नसतो. पण ॲपमध्ये लॉगिनच होईना, ब्राउझरमध्ये बघितलं तर ॲडमिन अकाउंट बनवा म्हणतं, जसं काही आजच इन्स्टॉल केलंय. डिस्क मेली का? आईला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : बाय, ते अकाउंट बनवू नकोस आणि आईलाही इतक्यात काही सांगू नकोस. तू ज्या खुणा लिहिल्यास त्यावरून मला नव्वद टक्के वाटतं की फोटो जागच्या जागी आहेत, इमिच भलत्याच फोल्डरात जाऊन बसलंय.

डॉकरचा तो डबा, म्हणजे कंटेनर, जत्रेतलं खाज्याचं दुकान समज. रात्रीत उभं राहतं, रात्रीत उठतं, माल त्याचा नसतोच, माल घरच्या खोलीत. तुझा माल म्हणजे दोन फोल्डर, एक फोटोंचा आणि एक पोस्टग्रेस डेटाबेसचा, ज्यात कोणाचं अकाउंट, कुठला अल्बम, कोणाचा चेहरा ही सगळी नोंद असते. हे दोन्ही कुठे आहेत ते इमिचला डॉट-ईएनव्ही या सेटिंगच्या फाईलमधल्या दोन ओळी सांगतात, अपलोड लोकेशन आणि डीबी डेटा लोकेशन. तिथला पत्ता मशीनवर सापडलाच नाही तर डॉकर तक्रार करत नाही, गुपचूप त्या नावाचा रिकामा फोल्डर स्वतःच बनवतो आणि पुढे चालू लागतो. खोड वाईट आहे, पण आहे.

आता तुझ्याकडे काय झालं असणार ते बघ. तू सेटअप केलंस तेव्हा मॉनिटर होता, डेस्कटॉपवर लॉगिन होतीस, डिस्क लावल्याबरोबर उबुंटूने ती मीडिया फोल्डरखाली तुझ्या नावाच्या फोल्डरात जोडली, समज 'फोटो' नावाने, आणि तोच पत्ता तू ईएनव्हीमध्ये घातलास. ही जोडणी कोणीतरी डेस्कटॉपवर लॉगिन झाल्यावरच होते. पहाटे लाईट आली, पीसी उठला, लॉगिन करायला कोणीच नाही, डॉकर मात्र हजर. त्याला 'फोटो' दिसला नाही, त्याने रिकामा बनवला, पोस्टग्रेसने त्यात कोरा डेटाबेस मांडला, इमिच म्हणालं चला, नवीन घर. आणि गंमत म्हणजे आता तू मॉनिटर लावून लॉगिन केलंस तरी डिस्क 'फोटो' नावाने जोडली जाणार नाही, ते नाव अडलंय ना, ती 'फोटो१' नावाने येईल. हे '१' बघितलंस की समजायचं, हाच घोळ.

तेव्हा आधी डॉकर कंपोज डाउन ही कमांड देऊन सगळं थांबव. मग लॉगिन करून टर्मिनलमध्ये एलएसबीएलके टाईप कर, २ टीबीची डिस्क कुठे जोडलीय ते दिसेल, तिच्यात जाऊन अपलोड नावाचा फोल्डर जाडजूड आहे का बघ. आहे? मग आईला चहा कर, संकट टळलं. आता पीसीवरच्या त्या खोट्या 'फोटो' फोल्डराचं नाव बदलून ठेव, लगेच उडवू नकोस, चुकून काही त्यात गेलं असेल तर नंतर बघता येईल. आणि डिस्कला कायमचा पत्ता दे, एमएनटीखाली एक फोल्डर करून एफएसटॅब फाईलमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते तिच्यात असतं) डिस्कच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाने, ओळ घाल, म्हणजे लॉगिन असो नसो, मशीन उठताच डिस्क तिथेच जोडली जाईल. त्या ओळीत नोफेल हा शब्द विसरू नकोस, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्कची वायर सैल असली तर पीसी बूट होतानाच अडकून बसेल आणि मॉनिटर नसल्यामुळे तुला का ते कळणारही नाही. मग ईएनव्हीमधल्या दोन्ही ओळी बदल, कंपोज अप, आणि जुन्याच पासवर्डने लॉगिन कर. लाईट अचानक गेली म्हणून डेटाबेसची धास्ती घेऊ नकोस, पोस्टग्रेस सहसा स्वतःच्या लॉगवरून सावरून घेतो.

हे चाललं की डेटाबेस यूएसबी डिस्कवरून काढून पीसीच्या आतल्या एसएसडीवर ने. इमिच बंद ठेवून, सुडो सीपी डॅश ए ने कॉपी, कारण त्या फाईलींची मालकी बदलली की पोस्टग्रेस हटून बसू शकतो. वेग वाढतो हे आहेच, पण मुख्य फायदा वेगळा. इमिच आपल्या प्रत्येक फोल्डरात डॉट-इमिच नावाची छोटी फाईल खूण म्हणून ठेवतं, आणि खूण ठेवल्याची नोंद डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस शाबूत आणि डिस्क गायब, असं झालं की खूण सापडत नाही आणि इमिच चालू व्हायलाच नकार देतं. यावेळी ही राखण कामाला आली नाही, कारण पहारेकरी आणि तिजोरी एकाच डिस्कवर होते, दोघं एकदमच गेले.

बॅकअपचा तर तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, म्हणजे नाहीच. मोबाईलमधले उडवलेस म्हणतेस तिथे मला घाम फुटला. इमिच रोज रात्री २ वाजता डेटाबेसची प्रत काढून बॅकअप्स फोल्डरात ठेवतं, शेवटच्या १४ प्रती सांभाळतं, पण ती नोंदींची प्रत, फोटोंची नव्हे, आणि तीही त्याच डिस्कवर. दुसरी डिस्क घे, अपलोड लोकेशनचा अख्खा फोल्डर तिच्यावर उतरव, आणि ती डिस्क सांखळीत ठेवू नकोस, मावशी, आत्या कोणीतरी मडगाव-म्हापशाला असेलच. दर चवथीला जाणंयेणं होतंच, तेव्हा बदलायची. आमच्या हवेत कपाटातल्या लेन्सलासुद्धा बुरशी येते, एकाच डिस्कवर कसला भरवसा.

जाता जाता, कंपोज डाउनच्या पुढे डॅश व्ही लावायचं नाही. मी फोंड्याला नवा नवा शिकत होतो तेव्हा दुसरी एक गॅलरी लावली होती, तिचे फोटो डॉकरच्या स्वतःच्या व्हॉल्यूममध्ये होते. कुठेतरी वाचून डॅश व्ही मारला आणि भाच्याच्या मुंजीचे चारशे फोटो क्षणात साफ. भाच्याचं आता लग्न ठरलंय, बहीण अजून त्या मुंजीचा विषय काढते. तुझे फोल्डर बाहेर जोडलेले आहेत, ते डॅश व्हीने जात नाहीत, तरी हाताला ती सवय नको.

प्रश्न : भाऊ पुण्याला असतो, त्याला बघता यावं म्हणून राउटरमध्ये २२८३ पोर्ट उघडू का? (हाही तिचाच)

उत्तर : नको गो. इमिच त्या पोर्टवर साधं एचटीटीपी बोलतं, पासवर्डसकट सगळं उघड्यावर जाणार. शिवाय बऱ्याच कनेक्शनवर कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटते, तिथे पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोचत नाही. टेलस्केल (आपल्याच मशीनांचं खाजगी जाळं करणारं ॲप) टाक, पीसीवर आणि भावाच्या मोबाईलवर, राउटरला हातसुद्धा लावावा लागत नाही.

प्रश्न : घरात रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पडून आहे, त्यावर इमिच चालेल का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : ४ जीबी रॅम असेल तर मशीन लर्निंग (चेहरे वगैरे ओळखणं) बंद ठेवूनच, ८ असेल तर बरं, आणि ६४ बिटवालं ओएस हवं. चेहरे ओळखायचं काम पहिल्यांदा चालेल तेव्हा ते रात्रभर, कदाचित दोन रात्री घेईल. तुम्हाला चेहरेबिहरे नकोच असतील तर मशीन लर्निंगचा कंटेनर लावूच नका, सेटिंगमधूनही ते बंद करा, मग पायवरचा भार बराच हलका होतो.