काजूच्या संकरात डीएनए चाचणी: सुरुवात करणाऱ्यासाठी

वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती वापरून नवा संकर करायचा तर आधी परागीकरण नीट करा. काजूच्या मोहरात नर आणि द्विलिंगी फुलं एकत्र असतात. द्विलिंगी फुलातला एकमेव लांब पुंकेसर परागकोश फुटायच्या आत चिमट्याने काढा, निवडलेल्या बापझाडाच्या ताज्या नर फुलाचा पराग लावा आणि पिशवी बांधा. इथे घाई केली की पुढची डीएनए चाचणी, म्हणजे रोप खरंच या संकराचं आहे का हे पाहणं, नुसत्या चुका शोधत बसते.

संकराच्या बियांपासून आलेल्या प्रत्येक रोपाला नंबर द्या, मगच चाचणीसाठी पान तोडा. पान कोवळंच हवं. जून पानात टॅनिन (तुरट द्रव्य) फार. डीएनए काढण्यासाठी २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारं रसायन) द्रावणात पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल (दोन्ही टॅनिनचा त्रास रोखणारी) घालून त्यात वाटलेलं पान ६५ अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा. डीएनए तपकिरी दिसला तर फिनॉल (टॅनिनसारखी द्रव्यं) राहिलेत. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणं) चालणार नाही, पुन्हा काढा.

दोन्ही पालकांत वेगळे दिसणारेच एसएसआर मार्कर (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणा) निवडा. चाचणीत या खुणा पट्ट्यांसारख्या दिसतात. बापाचा एकही पट्टा नसलेलं रोप स्वपरागाचं किंवा बाहेरच्या परागाचं, ते लगेच काढून टाका. चार-पाच वर्षांची जागा वाचते. बीच्या वजनाची निवड मात्र एका मार्करवर करू नका. तो गुण अनेक जनुकांचा, त्याला मोजमाप झालेली शेकडो झाडं लागतात. उरलेल्या रोपांच्या काड्या मोठ्या झाडावर कलम केल्यास मोहर लवकर पाहायला मिळतो.