भाचीसाठी दागिन्यांची पेटी

प्रश्न : माझ्या भाचीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. सोन्याचा आहेर करणे आता माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र निवृत्तीनंतर सुतारकामाचा छंद लागला असल्यामुळे तिला दागिन्यांची लाकडी पेटी स्वतःच्या हाताने करून द्यावी, असे मनात आहे. आमच्या जुन्या घराच्या दाराची एक सागवानी फळी मी जपून ठेवली आहे, आणि ते घर म्हणजे तिचे आजोळ. झाकणावर तिचे नाव व लग्नाची तारीख कोरावी आणि आत लाल मखमल लावावी, असा विचार आहे. पेटीचे माप किती ठेवावे, कोपरे कसे जोडावेत आणि अक्षरे बिघडू नयेत म्हणून काय करावे? यापूर्वी मी पाट, चौरंग आणि एक देव्हारा केला आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : माप ठरवण्याआधी पेटीत काय ठेवले जाणार आहे, याची चौकशी आपण बहिणीकडे गुपचूप करावी, कारण पेटी खऱ्या अर्थाने भाचीची होते ती झाकणावरच्या नावामुळे नव्हे, तर आतल्या कप्प्यांमुळे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांत अंगठ्यांना भरपूर जागा असते आणि पाटल्यांना मुळीच नसते. बांगड्यांचे माप इंच आणि सोळांशांत सांगतात. म्हणजे ‘दोन-सहा’ची बांगडी आतून सुमारे 60 मिलिमीटर, तर ‘दोन-आठ’ची सुमारे 63 मिलिमीटर भरते. त्यात पाटलीची जाडी दोन्ही बाजूंनी मिळवली, तर बांगड्या दांडीवर ओवून उभ्या ठेवण्यासाठी खालचा कप्पा निदान 80 मिलिमीटर खोल हवा. त्याच्यावर 25 मिलिमीटर खोलीचे, उचलून काढता येणारे तबक बसवावे आणि त्यात नथ, कुड्या, अंगठ्या ठेवण्याची सोय करावी. नथीला स्वतंत्र खण द्यावा, कारण इतर दागिन्यांत अडकून तिची तार वाकते आणि मोतीही घासले जातात. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे आणि आतून लाख भरलेले असतात. त्यांच्यावर जड तोडे पडले की पोचे येतात, म्हणून तिलाही वेगळी जागा ठेवावी. मंगळसूत्रासाठी एका बाजूला लांबट, अरुंद कप्पा केला, तर काळ्या मण्यांच्या सरांचा गुंता होत नाही. हे सारे आतून 260 × 180 मिलिमीटरच्या पेटीत नीट मावते.

फळी आजोळच्या दाराची आहे, याहून चांगले लाकूड मिळणार नाही. जुना साग पुरता वाळलेला असतो. तरीही रंधा लावण्यापूर्वी फळीवरून लोहचुंबक फिरवून आत मोडलेले खिळे राहिले आहेत का, ते पाहावे. दारावर जुना रंग असेल, तर त्यात शिसे असण्याची शक्यता धरून घासकाम घराबाहेर आणि तोंडाला मास्क बांधूनच करावे. जाड फळी चिरून पातळ केली की तिच्यातला ताण मोकळा होतो आणि ती वाकते. म्हणून 14–15 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून, मध्ये बारीक काठ्या घालून त्या पंधरा दिवस रचून ठेवाव्यात आणि नंतरच रंध्याने 11 मिलिमीटरवर आणाव्यात.

चारही बाजू एकाच पट्टीतून ओळीने कापून त्यांवर 1 ते 4 असे आकडे घालावेत, म्हणजे लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे गेल्यासारख्या दिसतील. देव्हारा केलेल्या हाताला 45 अंशांचा कोपरा अवघड नाही. पण कापलेल्या टोकांना लावलेला गोंद फार धरत नाही. म्हणून पेटी वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्यात तिरप्या खाचा करवतून त्यांत शिसवीच्या पातळ चकत्या बसवाव्यात. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे गोंद लावण्याच्या अगदी आधी जोड ॲसिटोनने पुसून घ्यावेत. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत; ते सारखे भरले म्हणजे पेटी गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. तळ आणि झाकणाची फळी मात्र चौकटीत गोंदाने चिकटवू नये, बाजूंना पाडलेल्या खोबणीत मोकळी ठेवावी. पावसाळा आणि उन्हाळा यांत 180 मिलिमीटर रुंदीची सागाची फळी एक ते दीड मिलिमीटर फुगते-आकसते, आणि तिला जागा मिळाली नाही तर कोपरे उकलतात. पेटी सहाही बाजूंनी बंद करून नंतर करवतीने झाकण वेगळे काढावे. ही सुतारांची जुनी युक्ती आहे आणि तिने झाकण हमखास जुळते.

आता नावाविषयी. एक नाजूक गोष्ट आधी सांगतो. तांदळात नवे नाव लिहिण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे, तर पुष्कळ मुली आपले नाव बदलू देत नाहीत. म्हणून झाकणावर ठळक नाव कोरण्यापेक्षा झाकणाच्या आतल्या बाजूला, आपण तिला लहानपणापासून ज्या नावाने हाक मारता ते कोरावे. त्या नावावर कोणाचा आक्षेप यायचा नाही. पूर्वीच्या फणी-कुंकवाच्या फणेरपेटीत झाकणाखाली आरसा असे, तसेच हे नाव पेटी उघडणाऱ्यालाच दिसेल. तारीख कोरायचीच असेल, तर ती तळाच्या बाहेरच्या अंगाला बारीक अक्षरांत असावी.

देवनागरी कोरताना खरी अडचण शिरोरेखेची असते. ती लाकडाच्या रेषांना समांतर येते आणि पटाशी त्या रेषेला धरून भलतीकडे धावते. त्यामुळे शिरोरेखेच्या दोन्ही कडा पोलादी पट्टीच्या आधाराने धारदार सुरीने आधी छेदून घ्याव्यात, दोन्ही टोकांना आडवे छेद द्यावेत आणि मगच मधले लाकूड बारीक पटाशीने थोडे थोडे उचलावे. अक्षरांची उंची वेलांटी-उकार सोडून 18 मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, नाहीतर अक्षरांच्या पोटातले लाकूड तुटून येते. हे काम पेटी जोडण्यापूर्वी, फळी टेबलाला घट्ट आवळून करावे, आणि त्याआधी उरलेल्या तुकड्यावर तेच नाव तीन-चार वेळा कोरून पाहावे. लेझरने कोरून देणारी दुकाने आता ठिकठिकाणी आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. भाचीच्या आजीच्या हस्ताक्षरातले एखादे जुने पत्र घरात असेल, तर त्यातली अक्षरे हुबेहूब उतरवण्याचे काम लेझरच करू जाणे.

मखमलीचा विचार मात्र सोडावा, असे मला वाटते. मखमल बसवताना वापरले जाणारे रबरी चिकटद्रव्य, फोम आणि लोकरी फेल्ट यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंनी चांदी काळी पडते, आणि जोडवी व पैंजण चांदीचेच असतात. त्याऐवजी आजीच्या एखाद्या विरलेल्या इरकलीचा जरीविरहित भाग स्वच्छ धुऊन, रंग सुटत नाही याची खात्री करून, जाड पुठ्ठ्यावर ताणून बसवावा आणि ते पुठ्ठे कप्प्यांत नुसते दाबून बसवावेत, म्हणजे पुढे बदलताही येतील.

पॉलिश बाहेरून चपडी लाखेचे करावे. एक लिटर स्पिरिटला सुमारे सव्वाशे ग्रॅम चपडी घेऊन पातळ हात द्यावेत, पण दमट दिवशी देऊ नयेत, कारण हवेतल्या ओलाव्याने त्यावर पांढुरका धूसर थर येतो. दसऱ्यानंतरची हवा त्या दृष्टीने उत्तम. आतून जवसाचे तेल लावू नये, त्याचा उग्र वास बंद पेटीत महिनोन्‌महिने कोंडून राहतो. बिजागऱ्या पितळी घ्याव्यात, पण सागात पितळी स्क्रू सरळ पिळला तर त्याचे डोके तुटते. आधी बारीक भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू बसवून काढावा आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून तो हलक्या हाताने आवळावा.

प्रश्न : मला सुतारकाम येत नाही, पण मैत्रिणीला नाव घातलेली लाकडी पेटी द्यायची आहे. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांबरोबर रंगवलेल्या पेट्याही मिळतात, नाव रंगवून हवे असल्यास खरेदी करतानाच विचारावे आणि अक्षरे स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्यावीत, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक पेटीवर उतरली की ती पुसता येत नाही. तेही जमत नसेल, तर जवळच्या सुतारासमोर मैत्रिणीच्या बांगडीचे माप ठेवावे आणि वरील उत्तरातले कप्पे त्याला वाचून दाखवावेत.