बंद पडलेल्या, तोडफोड झालेल्या रुग्णालयात आत खूप अंधार आहे. फोटोसाठी फ्लॅश वापरू का?

नको, फ्लॅश बॅगेतच राहू द्या. ट्रायपॉड लावा आणि खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडावर लांब एक्स्पोजर घ्या, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवा. अशा पडक्या इमारतींत फोटो काढताना नेहमी दिसतं ते हे: पाऊल टाकलं की प्लास्टरची धूळ उडते आणि कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड त्या कणांवर पडून फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. शिवाय समोरून उजेड मारला की सावल्याच जातात. भिंतीवरून सुटून गुंडाळी झालेला रंग किंवा खाटेखाली पसरलेला काचांचा चुरा बाजूच्या उजेडातच उठून दिसतो. आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. शटर १०-२० सेकंद उघडं राहिलं तरी चालेल. खिडकी पांढरीफटक येत असेल तर दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) असे तीन फोटो घेऊन नंतर एकात मिसळा.

खिडकी नसलेल्या खोलीत मात्र हे जमणार नाही. तिथे टॉर्च बाजूने हळूहळू फिरवा. आणि रेडिओथेरपीच्या (कॅन्सरवरच्या किरणोपचाराच्या) खोलीत उरलेल्या यंत्राला किंवा धातूच्या डब्याला कृपा करून हात लावू नका. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानियात बंद पडलेल्या क्लिनिकमधून असंच यंत्र भंगारासाठी उचललं गेलं. आतल्या किरणोत्सर्गी सीझियम-१३७ मुळे चार जणांचा जीव गेला. जागामालकाची परवानगी आधी घ्याच, आणि जमिनीवर पडलेल्या केसपेपरवरची रुग्णांची नावं फ्रेममध्ये येऊ देऊ नका.